मालकाचं माणूस

"थांबा! पुढं एक शब्द बोलू नका," असं म्हणून भाग्यश्री माणगावेनं गिऱ्हाइकाच्या तोंडापुढं चक्क हात आडवा धरला.

गिऱ्हाईक म्हणजे सुमय्या बागवान. भाड्याच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवणारी, हसतमुख, बोलकी बाई. ती बिचारी एवढंच म्हणत होती, "ताई, खरं सांगू का, ही पुढची खोली बघितली आणि माझा जीवच अडकला. मालक म्हणतील ते द्यायला—"

"मी मालकाचं माणूस आहे," भाग्यश्री म्हणाली. "दार उघडायच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जे बोलाल ते मला मालकाच्या कानावर घालावं लागतं, ते माझं कामच आहे. घर आवडलं असेल तर मनात ठेवा, आणि वरून तोंड वाकडं करा. नाहीतर तुमच्या बाजूनं बोलणारा स्वतःचा एजंट आणा."

"एका घराला दोन एजंट कशाला? तुम्ही आहात की," सुमय्या म्हणाली.

"मी नाही. तेच तर मघापासून सांगतेय!"

सुमय्या हसत सुटली. असली एजंट तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती. तिचं तरी काय चुकलं? पूर्वी कोल्हापुरात जागेचा एजंट म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा प्राणी. विकणाऱ्याला म्हणायचं, "साहेब, मी तुमचाच." घेणाऱ्याला म्हणायचं, "पाव्हणं, मी तुमचाच." मग दोघांची गुपितं दोघांना विकायची आणि दोघांकडून दलाली घ्यायची. लोकांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नव्या कायद्यानं ते बंद केलं. पहिल्या भेटीतच सांगायचं, मी कुणाचं माणूस. मालकाचं असाल तर मालकाची गुपितं पोटात ठेवायची, म्हणजे त्याला किती घाई आहे, तो कुठवर खाली येईल, घर का विकतोय. पण घराचा जो दोष तुम्हाला ठाऊक आहे, तो मात्र घेणाऱ्याला सांगायचाच, मग मालक तुमचा सख्खा बाप का असेना. लपवलात तर परवाना गेला.

कायदा चांगला होता. पण 'ठाऊक आहे' या दोन शब्दांत ग्यानबाची मेख होती, आणि ती दिसली पाताळनळी आल्यावर.

पाताळनळी हे लोकांनी दिलेलं नाव. शास्त्रज्ञ तिला मूऑन-दर्शक म्हणतात. अवकाशातून येणारे किरण आपल्या हवेच्या वरच्या थरावर आदळतात, तेव्हा मूऑन नावाचे कण तयार होतात आणि खाली येतात. इलेक्ट्रॉनचाच हा दांडगा भाऊ. तळहात आभाळाकडं धरला तर दर सेकंदाला एखादा त्यातून आरपार जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. छपरातून जातो, फरशीतून जातो, जमिनीत खोलवर शिरतो. वाटेत जितकी दाट माती, जितका दगड, तितके जास्त मूऑन मध्येच अडकतात. पोकळी लागली तर मात्र जास्त सुटून खाली येतात. म्हणजे जमिनीत खोल बसून वर बघत राहिलं आणि कुठल्या दिशेनं किती मूऑन आले ते मोजलं, की डोक्यावरच्या जमिनीचा फोटोच निघतो. डॉक्टर छातीचा काढतात तसा, फक्त इथं किरण फुकटचे आणि आभाळातून येणारे.

आता जमिनीत खोल बसायचं कसं? तर त्याची सोय आपल्या लोकांनी आधीच करून ठेवली होती. घराघरात बोअर मारलेले आणि निम्मेअर्धे आटलेले! त्या कोरड्या बोअरमध्ये मनगटाएवढी नळी सोडायची, आठवडाभर ठेवायची, वर काढायची. घराच्या पायाखाली काय आहे ते स्वच्छ दिसतं. बुजवलेला नाला, जुना शौचकूप, पोकळ भराव, सगळं.

कुणाला वाटेल, आता घरं तपासून विकली जायला लागली असतील. छे हो! माणसाची जात ती. न बघितलेला दोष ठाऊक नसतो, आणि ठाऊक नसलेला सांगावा लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा घर विकायचं ठरलं की लोक आधी गवंडी बोलवायचे आणि आटलेला बोअर सिमेंटनं गच्च बुजवून टाकायचे. नळी सोडायला भोकच नको. एजंटच मालकाला हळूच सुचवायचे, "बोअर तेवढा बंद करून घ्या, मग मी येतो." एवढं मोठं यंत्र निघालं, आणि गावात धंदा वाढला तो सिमेंटवाल्यांचा.

भाग्यश्रीला याची चीड होती. आणि नेमकं सुमय्यानं बघितलेलं घर तिच्या मामांचं होतं.

धनपाल मगदूम म्हणजे साधं नाव नव्हे. ज्या कॉलनीत ते घर होतं तिचं कागदावरचं नाव काहीही असो, रिक्षावाल्याला 'मगदूम कॉलनी' म्हटलं तरच कळायचं, कारण तिथली बहुतेक घरं मामांनी बांधलेली. पंचाहत्तरी उलटली तरी ताठ. संध्याकाळी फिरायला निघाले की लोकांच्या भिंतींवरून हात फिरवत जायचे आणि म्हणायचे, "दाखव मला तडा. एक दाखव." भाग्यश्रीचे वडील ती लहान असताना गेले. मामांनी तिला वाढवलं, शिकवलं, आणि परवाना मिळाला तेव्हा पहिलं घर विकायला दिलं तेही त्यांनीच.

आता ते स्वतःचं घर विकत होते. का, ते चौघांनाच ठाऊक होतं. मामांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं वाढलं होतं, आणि मुलगा शीतल बेंगळुरूच्या डॉक्टरांजवळ या म्हणून मागं लागला होता. (शीतल हे आमच्या भागातल्या जैनांत पुरुषाचं नाव असतं, बाहेरच्यांनी हसू नये.) मामांना घाई होती, पण आजार बाहेर कळलेला त्यांना चालणार नव्हता. धनपाल मगदूम थकला असं कुणी म्हणायला नको.

घर विकायला काढलं त्याच दिवशी मामा म्हणाले, "नळी सोड."

"मामा, विचार करा," भाग्यश्री म्हणाली. "नळीनं काही दाखवलं तर ते मला ठाऊक झालं. मग मला गप्प बसता येणार नाही."

"अगं, दाखवू दे की! सगळे बोअर बुजवत सुटलेत चोरासारखे. मी का बुजवू? माझ्या घराचा फोटो काढ आणि दारावर चिकटव. लोकांना कळू दे पाया कशाला म्हणतात."

तिला मामांचा इतका अभिमान वाटला की तिनं त्यांच्या पाया पडून नळी सोडली. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आठवड्यानं फोटो आला. भाग्यश्रीनं तो ऑफिसात उघडला, आणि हातातला चहा तसाच राहिला. सगळा पाया काळाभोर, दाट, कुठं फट नाही. फक्त पुढच्या खोलीखाली एक पांढरा ठिपका होता, म्हणजे पोकळी. मोठा, आणि गोल. निसर्ग इतका गोल खड्डा खणत नाही. ती विहीर होती.

ती आधी मामांकडं गेली. मालकाला पहिल्यांदा सांगायचं, हा कायदा, आणि मामांना पहिल्यांदा सांगायचं, हा तिचा स्वतःचा.

मामांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "नळी बिघडली," ते म्हणाले.

"दोनदा ताडून बघितलंय, मामा."

"मग तिथं पाणी असेल."

"पाणीसुद्धा मुरुमापेक्षा हलकंच. तेही पांढरंच दिसतं. पण तिथं होतं काय?"

"विहीर होती," मामा म्हणाले. "इथं ऊस होता पूर्वी, त्या मळ्याची. पण मी मुकादमाला सांगून गेलो होतो, मुरूम टाक, पाणी मार, धुम्मसानं ठोक, परत मुरूम टाक. मला गोव्याच्या कामावर जायचं होतं. आलो तेव्हा जमीन सपाट होती."

स्वयंपाकघराच्या दारात मामी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "सपाट केली होती," त्या म्हणाल्या, "बुजवली नव्हती."

मामींनी आणखी एक शेंग फोडली.

"मीच मुकादमाला सांगितलं. पाण्याला कुणी मूठमाती देतं का? इतकी वर्षं लोकांच्या तोंडात पाणी घातलं त्या विहिरीनं. मी तिची ओटी भरली, नारळ सोडला, आणि वर स्लॅब टाकून घ्यायला लावली. त्यावर माती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"अगं बाई!" मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्षं मी झाकणावर बसून पेपर वाचतोय?"

"काय झालं का चाळीस वर्षांत? तडा दाखवा. एक दाखवा."

भाग्यश्रीला हसूही येत होतं आणि रडूही. "मामी, स्लॅबमधलं लोखंड खालच्या ओलीनं गंजतं. पुरात पाणी वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. वरून काही दिसत नाही, आणि स्लॅब जाते ती एकदमच."

तेवढ्यात शीतलचा फोन आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "यात अवघड काय आहे? भाग्याला मोकळं करा, दुसरा एजंट घ्या, बोअर बुजवून टाका. त्याला काही ठाऊक नसणार, म्हणजे तो काही सांगणार नाही. सगळं कायद्यात बसतं. अप्पा, तुमच्याकडं वेळ नाहीये."

आणि खरंच, ते कायद्यात बसत होतं. गावात निम्मी घरं अशीच विकली जात होती.

 मामा फोन ठेवून म्हणाले, "भाग्ये, तू मालकाचं माणूस ना?"

"आहे, मामा."

"मग मालक सांगतोय. फोटो पुसून टाक. ह्या कॉलनीत माझं नाव आहे. आयुष्यभर लोकांना पाया शिकवला, आणि जाता जाता लोक म्हणणार, ह्याच्या स्वतःच्या घराखाली भोक होतं! ते ऐकून मी बेंगळुरूला जायचं?"

 मामांना नाही म्हणायची वेळ भाग्यश्रीवर आजवर कधी आली नव्हती. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ती अंबाबाईचा रथ बघायला गेली, त्याला काय म्हणून दुखवायचं? पण तिच्या डोळ्यापुढं ती पुढची खोली येत होती आणि खोलीत रांगणारी सुमय्याची पोरं येत होती.

"मला काढून टाका, मामा," ती म्हणाली. "तुमचा हक्क आहे. तुमची घाई, तुमचं दुखणं, तुम्ही किती खाली उतराल, यातलं एक अक्षर माझ्या तोंडून मरेपर्यंत जाणार नाही. पण विहीर मी सांगणार. एजंट म्हणून नाही सांगता आली तर माणूस म्हणून सांगेन. उद्या सुमय्याला बोलावते. तुमच्यासमोर सांगणार, पाठीमागं नाही."

मामा उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मामींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "जेवून जा." भाग्यश्रीला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुमय्या आली तेव्हा मामा पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, चेहरा दगडाचा. त्यांनी भाग्यश्रीकडं बघितलंही नाही. तिला काढून टाकलं असंही म्हणाले नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती तरी काय बोलणार?

तिनं फोटो टेबलावर ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. विहीर इथं आहे, बुजवलेली नाही, वर जुनी स्लॅब आहे, तिची अवस्था ठाऊक नाही. सुमय्या उभी होती ती पटकन भिंतीकडं सरकली.

"या अल्ला! आणि मी इथंच पाळणे मांडणार होते," ती म्हणाली. मग जराशी सावरून तिनं धंदेवाईक बाईसारखं डोकं चालवलं. "बरं, ताई, आता एक सांगा. मालकांना विकायची घाई आहे का? कशासाठी विकतायत?"

"ते मी सांगणार नाही."

"का? विहीर सांगितली ना?"

"विहीर घराची आहे," भाग्यश्री म्हणाली. "ती तुमच्या पोरांच्या पायाखाली येते, म्हणून सांगितली. बाकीचं मालकांचं आहे. त्याचा तुमच्या पोरांना काही धोका नाही. तुम्ही मला सोन्यानं मढवलंत तरी ते माझ्याकडून कळायचं नाही."

मामांनी पहिल्यांदा मान वर केली. भाचीकडं ते असे बघत राहिले, जसं एखाद्या बांधकामावर पाणी सोडून थांबावं आणि ते कुठंच झिरपू नये. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले.

"बाई," ते सुमय्याला म्हणाले, "ती बरोबर सांगतेय. खाली विहीर आहे. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायला पाहिजे होतं, कारण काम माझं होतं. मुकादमावर टाकून गेलो, परत आल्यावर एक पहार मारून बघितली नाही. आता ऐका. ही फरशी मी फोडणार. विहीर उघडणार. माझ्या डोळ्यांदेखत भरणार, आणि परत नळी सोडणार. दुसरा फोटो बघा, मग घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा. पण धनपाल मगदूम अर्धं काम टाकून गाव सोडत नाही."

"अहो, तुमची तब्येत—" मामी आतून ओरडल्या, आणि जीभ चावून गप्प बसल्या.

फरशी फुटली त्या दिवशी अख्खी कॉलनी दारात जमली. आत्ता गंमत बघू म्हणून आलेलेही होते, नाही असं नाही. मामांनी कुणाला हाकललं नाही. उलट येईल त्याला हात धरून कडेपाशी नेलं. स्लॅबच्या सळ्या इतक्या गंजल्या होत्या की बोटांनी दाबल्या तर चुरा होत होता. "बघा," मामा म्हणत होते, "माझ्या घरात हे निघालं. तुमच्या घरात काय आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? बोअर बुजवलाय म्हणजे ठाऊक नसणारच!" गंमत बघायला आलेल्यांचे चेहरे उतरले.

खाली, खूप खोल, पाणी चमकत होतं. मामी कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुरूम टाकून हिला मारायची नाही, सांगून ठेवते." मामा त्यावर चिडले नाहीत. त्यांनी तळापासून मोठे दगड लावले, वर लहान दगड, वर खडी, वर भरड वाळू. प्रत्येक थर ठोकून बसवला, म्हणजे भार दगडांवर येईल आणि सांदीत पाणी राहील. छपराचं पावसाचं पाणी नळानं आत सोडलं. मामींचं पाणीही जिवंत राहिलं आणि पायाही पक्का झाला. अख्खं काम मामांनी खुर्चीत बसून, छातीवर हात ठेवून करवून घेतलं. भाग्यश्री औषधाच्या वेळा बघत शेजारी बसायची. त्या सगळ्या दिवसांत विहिरीच्या कामापलीकडं मामा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तिला ते सुईसारखं टोचत होतं.

दुसरा फोटो आला. पुढच्या खोलीखाली आता कोपऱ्यापर्यंत एकसारखं दाट दिसत होतं. सुमय्यानं तो बघितला, भाव थोडा पाडून बघितला, मामांनी थोडा पाडू दिला, आणि सौदा ठरला.

खरेदीखताच्या दिवशी नोंदणी कार्यालयात गर्दी होती. सह्या झाल्या, अंगठे झाले. सुमय्या पेढे आणायला गेली. बाकावर मामा आणि भाग्यश्री दोघंच शेजारी शेजारी उरले.

मामा समोर बघत म्हणाले, "मी तुला खरंच काढून टाकलं असतं, तर?"

"तर काय?"

"माझ्या पाठीमागं जाऊन सांगितलं असतंस?"

"पाठीमागं नाही," भाग्यश्री म्हणाली. "आधी तुम्हाला सांगितलं असतं की सांगायला चाललेय, आणि मग सांगितलं असतं."

 मामांचे डोळे भरले आणि त्याच वेळी ते हसायला लागले, इतके मोठ्यानं की खिडकीतला कारकून वाकून बघायला लागला.

"काय बघता, साहेब?" मामा त्याला म्हणाले, आणि त्यांनी भाचीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुढं झुकली. "लिहून घ्या, आयुष्यात पुष्कळ घरं बांधली मी. पण पाया ह्याला म्हणतात!"